आधी विचारायचं, मग शालू

आमच्या दुकानात भाऊ म्हणून एक माणूस होता, तो नवरीचा रंग तिच्या पायांवर बघायचा. हसू नका, खरं सांगतोय. लग्नाचा बस्ता काढायला दोन्हीकडची पंधरावीस माणसं जीप भरून यायची, पांढऱ्या गादीवर ऐसपैस बसायची, चहा व्हायचा, मानपानाची यादी खिशातून निघायची, आणि भाऊ मात्र मान खाली घालून नवऱ्या मुलीच्या पावलांकडे बघत बसलेले. तोंड काय बघायचं, म्हणायचे, तोंड पावडर लावून आलेलं असतं. पावलांचा रंग बघून ते मागच्या कपाटातून जो शालू काढायचे तो शंभरातल्या नव्वद पोरींना शोभायचा. उरलेल्या दहा जणींना शोभला नाही तर तो शालूचा दोष नाही, सासूने रंग बदलायला लावला असेल, असं त्यांचं ठाम मत.

आम्ही मारवाडी जैन. आजोबा राजस्थानातून आले, घोडेगावात कापडाचं दुकान टाकलं, आणि तिसऱ्या पिढीला म्हणजे मला मारवाडीपेक्षा 'लई' आणि 'राव'च जास्त जवळचे झाले. भाऊ दुकानात माझ्या आधीपासूनचे. गाव धरणात गेलेलं, मागेपुढे कुणी नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचे. खोली आमची, त्यामुळे अट आमची: मटण नाही, अंडं नाही. भाऊंनी ती अट वीस वर्षं पाळली. वशाट खावंसं वाटलं की नदीकाठी जाऊन तीन दगडांवर शिजवून खाऊन यायचे, आणि दुकानात पाऊल टाकण्याआधी आंघोळ करायचे.

हेकट माणूस. साडी कुणी गादीवर फेकली तर उचलून पहिल्यापासून घडी घालणार, गिऱ्हाईक ताटकळलं तरी. पदर कसा पडेल ते दाखवायला साडी स्वतःच्याच खांद्यावर घ्यायचे. ते सगळेच सेल्समन करतात म्हणा, पण बाकीचे करताना दात काढतात. भाऊ असे शांत उभे राहायचे की बायका हसायच्या थांबायच्या आणि साडी बघायला लागायच्या. एकदा एका पाटलाने मस्करी केली, "भाऊ, तुमीच नेसा आता, लई खुलतंय." भाऊ म्हणाले, खुलतंयच, पण तुमच्या सूनबाईंना जास्त खुलंल, घ्या. पाटलाने घेतली.

पण भाऊंचा खरा हट्ट वेगळाच होता. त्या काळी बस्त्याला नवरी यायचीच असं नव्हतं. बापे यायचे, दोन म्हाताऱ्या यायच्या, नवरीला साडी थेट हळदीला दिसायची. भाऊ म्हणायचे, पोरीला आणा, नायतर शालू दाखवणार नाही. आणली की तिला पुढ्यात बसवायचे, शालूचा खोका मांडीवर घ्यायचे आणि खोक्यावर हात ठेवून, तिच्या बापासमोर, होणाऱ्या सासऱ्यासमोर, नवरदेवासमोर विचारायचे:

"पोरी, पोरगा पसंत हाय का?"

पोरी लाजायच्या, पदरात तोंड लपवून मान हलवायच्या. मान हलली की खोका उघडला. गप्प राहिली तर भाऊ आणखी एकदा विचारायचे. तरी गप्प राहिली तर खोका उचलून आत ठेवायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे की शालू संपलेत. कपाट उघडंच असायचं, आत तीसचाळीस खोके दिसायचे. माझे वडील गल्ल्यावरून उठून हातापाया पडून ते गिऱ्हाईक सांभाळायचे, दुसरा सेल्समन बसवायचे, आणि माणसं गेल्यावर भाऊंना फाडून खायचे. भाऊ ऐकून घ्यायचे. दुसऱ्या बस्त्याला पुन्हा तेच. कंटाळून वडिलांनीच समजूत करून घेतली, की ह्याच्या हाताला यश आहे, लोक ह्याच्यासाठी मंचर सोडून आपल्याकडे येतात, तर ह्याचं एक खूळ सोसायचं.

ते खूळ आमच्या घरावर यायचं होतं.

माझ्या बहिणीचं जमलं. जुन्नरचं घर, आमच्यातलेच, तालेवार. आमच्यात नवरीला चुनडी असते, पण तीन पिढ्या इथं काढल्यावर शालूही लागतोच. बस्ता अर्थातच आमच्या दुकानात. पाहुणे गादीवर, वडील त्या दिवशी गल्ला सोडून पाहुण्यांत बसलेले. मी थंडा वाटत होतो. भाऊंनी खोका मांडीवर घेतला आणि ताईला विचारलं. मला वाटलं होतं मालकाच्या लेकीला तरी विचारणार नाहीत. ताई खाली बघत राहिली. भाऊंनी पुन्हा विचारलं. ताईच्या पायाचा अंगठा गादीच्या चादरीत रुतत गेला, पण मान काही हलली नाही. भाऊ उठले, खोका आत ठेवला आणि म्हणाले, "शेठ, शालू संपलेत."

जुन्नरवाले थंडा तसाच टाकून उठले. लग्न मोडलं. वडील तीन महिने भाऊंशी एक शब्द बोलले नाहीत. काय सांगायचं ते माझ्यामार्फत, समोरासमोर उभे असताना. आई मात्र दुसऱ्या दिवसापासून भाऊंचं ताट घरून पाठवायला लागली. ताईने पुढे आपल्या मनाने पसंत केलेल्या मुलाशी लग्न केलं. तिच्या त्या दुसऱ्या बस्त्याला भाऊंचा प्रश्न पूर्ण होण्याआधीच ती हो म्हणाली होती. आज तिचं सगळं चांगलं आहे. हे सगळं लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

दुकान गुरुवारी बंद. त्या दिवशी दत्ता यायचा. दत्ता निमगाव सावाचा, शेतकऱ्याचा धाकटा मुलगा, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला. त्या अजस्र तबकड्यांना रंग देणं, ग्रीस भरणं असलं काम. गुरुवारची सुट्टी मागून घेतलेली. फटफटी मागच्या दाराला लावायचा, मग दोघं नदीवर. भाऊ भाकरी थापायचे, दत्ता मासे साफ करायचा. दत्ताला कावीळ झाली तेव्हा भाऊंनी दुकान बारा दिवस सोडलं, ऐन लग्नसराईत, आणि दवाखान्यात त्याच्या उशाशी बसले. मी डबा घेऊन गेलो होतो. नर्सने विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण. भाऊ, जे कुणालाही काहीही विचारू शकायचे, ते दत्ताचं पांघरूण नीट करत बसले. शेवटी म्हणाले, "पावणा हाय मी त्यांचा."

गावात कुणाला काही वाटायचं नाही. मैतर आहेत, म्हणायचे. आठनऊ वर्षं मैतर होते आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मला मात्र ठाऊक होतं. एका गुरुवारी मी मागच्या गोदामात गठ्ठे मोजत होतो. मधे फळीची भिंत. पलीकडे दत्ता रडत होता. घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं होतं, आईने अन्न सोडलं होतं. म्हणत होता, "मला नाय जमायचं. तुमाला सोडून मला कुनाबरूबर नाय जमायचं, आन त्या पोरीचं वाटुळं करू का मी?" भाऊ म्हणाले, "कर लगीन. आई हाय तुजी. मी सांगतो म्हून कर." मी हातातला गठ्ठा आवाज न करता खाली ठेवला आणि पाय न वाजवता निघून आलो. तेव्हा माझं वय सव्वीस होतं, समज नव्हती असं म्हणायला जागा नाही.

आणि बस्ता कुठं निघावा? आमच्याकडेच. दत्ताच्या आईनेच सांगितलं म्हणे, भाऊ घरचा माणूस आहे, चांगलं काढून देईल.

त्या दिवशी भाऊ नवा शर्ट घालून बसले होते. यादी वाचायचं काम नेहमी त्यांचंच, खणखणीत आवाज होता. वाचायला लागले. मामाला धोतर, आत्याला साडी, मावश्यांना साड्या, करवल्यांना परकर-पोलकी. मग गावकीचं: न्हावी, कुंभार, गुरव, घंटा वाजवणारा म्हातारा, विहिरीवरचा गडी. आपल्याकडे लग्नाच्या यादीत कुणाचं नाव नसतं? नवऱ्या मुलाची दाढी करणाऱ्यालासुद्धा मान असतो. भाऊंनी एकूण एक नाव वाचलं, एकूण एक कापड काढून दिलं. यादी संपली तशी दत्ताची आई म्हणाली, "आन भाऊला बी टावेल-टोपी घाला, यवढं बसलंय बिचारं." मी टॉवेल-टोपी काढली. भाऊंनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. दत्ता भिंतीकडे बघत होता.

मग शालू. मुलगी खोडदच्या जवळचीच, सावळी, वीस-एकवीसची. भाऊंनी तिच्या पावलांकडे बघितलं आणि आत जाऊन खोका आणला. तो शालू ते वर्षभर कुणाला दाखवत नव्हते, मी विचारलं की आजून त्येचं मानूस आलं नाय म्हणायचे. गर्द जांभळा, काठाला मोर. खोका मांडीवर ठेवला, वर हात ठेवला.

"पोरी, पोरगा पसंत हाय का?"

आणि ती लाजली नाही, पदर नाही, काही नाही. सरळ भाऊंकडे बघून हसली आणि म्हणाली, "व्हय." वीस वर्षांत इतकं स्पष्ट उत्तर आम्ही ऐकलं नव्हतं. सगळी गादी हसली.

भाऊंचा हात खोक्यावरच राहिला. मी समोर होतो, कात्री हातात. मला वाटलं आता ते दत्ताकडे वळणार. नवरदेवाला त्यांनी कधी विचारलं नव्हतं, पण आज विचारणार. दत्तालाही वाटलं असावं, कारण त्याने भिंतीवरची नजर काढून भाऊंकडे बघितलं. खरं सांगतो, तो विचारायची वाट बघत होता. आणि मला काय वाटत होतं सांगू? मला वाटत होतं, नका विचारू. एवढा मोठा बस्ता, वडील गल्ल्यावर, ताईच्या वेळचं पुन्हा नको.

भाऊंनी खोका उघडला.

लग्नानंतर भाऊ ती टोपी घालायला लागले. आयुष्यात कधी टोपी न घातलेला माणूस, सकाळी गादी घालण्यापासून रात्री कुलूप लावेपर्यंत डोक्यावर टोपी. मळली की धुवायचे, वाळेपर्यंत बोडक्याने कुणाशी बोलायचे नाहीत. लोक विचारायचे, भाऊ, कुनाचा मान? लग्नातला हाय, म्हणायचे. लोकांना वाटायचं, माणूस म्हातारपणी चळला.

दत्ता येतच राहिला, गुरुवारी. न येता तर बरं झालं असतं असं मी तेव्हा म्हणायचो. मग त्याचा थोरला भाऊ एक दिवस भर बाजारात दुकानात आला, आणि गादीवर दोन गिऱ्हाइकं असताना मोठ्यांदा म्हणाला, लगीन झालेल्या मानसाचं गुरवारी हितं काय काम असतंय ते सांगा. भाऊंना बायल्या म्हणाला. आणखी जे म्हणाला ते मी लिहीत नाही. त्या एका दिवसात मैतर हा शब्द गावातून गेला आणि दुसरेच शब्द आले. जे लोक पोरीबाळींच्या खांद्यावर भाऊंच्या हातून पदर टाकून घेत होते ते आता बाहेरून वाकून बघायचे, गादीवर कोण आहे. कॉलेजची पोरं दारावरून शीळ घालत जायची. दोन बस्ते मंचरला गेले.

वडिलांनी मला बोलावलं आणि सांगितलं, तूच सांग त्याला, माझ्याच्याने व्हायचं नाही. एवढं खरं, की वडिलांना ते जड गेलं. मला जड गेलं नाही. मी रात्रभर वाक्य जुळवलं आणि सकाळी मागच्या खोलीत जाऊन धडाधड बोलून टाकलं: बायामाणसांचं दुकान आहे, लोक बोलतात, धंद्याचा प्रश्न आहे, तुम्ही समजून घ्या.

भाऊ टोपी वाळत घालत होते. वळून म्हणाले, "ताईच्या बस्त्याला खोका आत ठिवला, तवा लोक बोलले न्हवते व्हय?"

तवा बोलले होते. तालुकाभर बोलले होते. ते बोलणं आम्ही सोसलं, कारण पोर आमची होती. हे मला त्याच वेळी कळलं आणि तरी मी म्हणालो, तीस तारखेपर्यंत खोली मोकळी करा. तुम्ही वाचताय, थुंका माझ्या तोंडावर.

ते तीस तारखेची वाट न बघता दुपारीच गेले. एक ट्रंक, आणि डोक्यावर ओली टोपी. पुढे कळायचं, डोंगरातल्या गावांच्या बाजारात गोणपाटावर ब्लाऊजपीस विकतात. एकदा एसटीतून जाताना मी त्यांना बघितलं. खिडकी लावून घेतली.

मग दोन हजार नऊचा पावसाळा. दिल्लीच्या कोर्टाचा निकाल आला आणि आमच्या दुकानात पेपरवाचनाला रंग चढला. निकाल एवढाच होता की दोन जाणत्या माणसांनी आपसात, राजीखुशीने जे करायचं त्याला गुन्हा म्हणता येणार नाही. लग्नाचा त्यात शब्द नव्हता. पण आमच्या गादीवर तासाभरात लग्नं लागायला लागली. कचेरीतला एक कारकून रोज यायचा, तो म्हणाला, आता बाप्याचं बाप्याशी लावणार, मग शेठ, शालू कुणाला काढणार तुम्ही? वडील म्हणाले, ही शहरातली थेरं, आपल्या दोन तालुक्यांत कधी असलं ऐकलंय का. एक रिटायर मास्तर म्हणाले, गुन्हा नसला म्हणून काय झालं, लाज आहे की नाही. वडिलांनी जोरात मान डोलावली. ज्या गल्ल्यावर बसून मान डोलावली तिथून मागच्या खोलीचं दार दिसतं. आणि शालूच्या विनोदावर सगळे हसले त्यात मीही हसलो. नाही हसलो तर लोक काय म्हणतील, ही भीती होती, तेही सांगून टाकतो.

त्यानंतरच्या लग्नसराईत निमगाव सावाचा बस्ता आला. दत्ताच्या थोरल्या भावाची मुलगी. थोरला आता थकलेला, गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर. सोबत दत्ताची बायको. मी तिला पावलांवरून ओळखलं, भाऊंची सवय लागली होती मला. ती माठावर पाणी प्यायला आली आणि मला म्हणाली, "तुमचं भाऊ गेलं, दिवाळीच्या आदी."

मी म्हणालो, कुठं होते ते?

"आमच्यातच. शेवटचं चार महिनं. आजारी पडून बाजारात पडल्यालं, आमचं हे मला सांगंनात, नुसतं रडायचं. मी म्हनलं, घिऊन या घरी. थोरल्यांनी लई दंगा केला. मी म्हनलं, माजं घर हाय, मी ठरवीन." तिने पेला धुवून पालथा घातला. "मला हळदीलाच कळलं व्हतं, दादा. ह्यांनी कदी हात उगारला नाय, कदी वाकडं बोलले नाय. पन बारा वरसं मी पावणीच ऱ्हायले त्या घरात. आन हे बी."

मग म्हणाली, भाऊ जायच्या आधी तिच्या पाया पडत होते. तोंडाने एकच चालू होतं, तुला इचारलं, त्येला नाय इचारलं, माझ्या हातनं ऱ्हायलं.

"मी त्यांना म्हनलं," आणि इथं तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, "गादीवर तुमी येकटंच न्हवता की."

ती गादीवर जाऊन बसली. मी पण गेलो, कारण बस्ता थांबवता येत नाही. यादी झाली, मानपान झालं, आणि मी शालूचा खोका आणला. नवरी पुढ्यात, तिच्या शेजारी नवरदेव, चोविशीचा, मोबाइलशी चाळा करणारा. भाऊ गेल्यापासून आमच्या दुकानात कुणी काही विचारत नव्हतं. गिऱ्हाईक येतं, खोका उघडतो, भाव होतो. त्या दिवशी विचारावं असं मनात आलं. शपथेवर सांगतो, आलं होतं. मी वडिलांकडे बघितलं. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. मी खोक्याच्या झाकणाला हात घातला.

तिने पुढे वाकून झाकणावर पंजा ठेवला. बांगड्या खोक्यावर आपटल्या.

पुतणीला म्हणाली, "पोरी, पोरगा पसंत हाय का?" पोरीने लाजून मान हलवली.

मग नवरदेवाकडे वळली. "आन तुला रं? तुला पोरगी पसंत हाय का? नसंल तर आता सांग, तुला कुनी काय बोलायचं नाय. मी हाय."

खुर्चीवरच्या थोरल्याने मान खाली घातली. पोरगा बावचळला, मोबाइल खिशात घातला, हसला, म्हणाला, "हाय की, काकी. म्याच मागनी घातली."

ती तरी थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग झाकणावरचा हात काढून घेतला आणि मला म्हणाली, "उघडा आता. तवा बी येवढंच इचारायचं व्हतं."